वेल्डिंग संपल्यानंतरचा तास

इमारतीत वेल्डिंग चालू असताना समोरच काही पेटलं तर ते सहसा विझवलं जातं. माणसं तिथंच असतात, कुणीतरी ओरडतं, कुणीतरी बादली ओततं. घात करणारी आग वेगळी असते. मशीन बंद झालेलं असतं, वेल्डरनं केबल गुंडाळून टेम्पोत टाकलेली असते, मालकानं शटर खाली ओढलेलं असतं, आणि मग कधीतरी धूर दिसायला लागतो. तोही जिथं टाका मारला तिथून येत नाही. खालच्या मजल्यावरून, भिंतीपलीकडच्या खोलीतून, फॉल्स सीलिंगच्या पोटातून येतो. काम आणि आग यांच्यामध्ये वेळेचं आणि जागेचं असं अंतर पडतं. म्हणूनच ‘आम्ही निघालो तेव्हा सगळं ठीक होतं’ हे वाक्य अशा आगींनंतर ऐकू येतं, आणि ते खोटं नसतं.

कोल्हापूरला लोखंडाचं काम नवं नाही. शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपपासून शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींपर्यंत ओतकाम, यंत्रकाम आणि फॅब्रिकेशन करणारे हात इथं पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले आहेत. पण हा सराव वर्कशॉपमधला आहे. तिथं खाली कोबा किंवा माती, वर पत्रा, आजूबाजूला लोखंडच. ठिणगी उडते, पडते, विझते. तोच वेल्डर, तेच मशीन राजारामपुरीतल्या कापडदुकानाच्या पोटमाळ्यावर गेलं की ठिणगी तशीच उडते, पण ती पडते ती जागा बदललेली असते. त्याच्या कसबात काही कमी नसतं. कमी असते ती त्या इमारतीची माहिती, आणि ती त्याला कुणी दिलेली नसते.

कारखान्यांत या कामांना ‘हॉट वर्क’ म्हणतात. आपण गरम काम म्हणू. त्यात रॉडचं वेल्डिंग येतं, गॅस कटिंग येतं, आणि लोक विसरतात तो ग्राइंडरही येतो. एसी बसवणारा तांब्याच्या नळ्या जोडताना छोटा गॅसबर्नर वापरतो, तेही गरम काम. पावसाळ्याआधी गच्चीवर डांबरी मेंब्रेन चिकटवताना मोठा बर्नर फिरवतात, तेही. ‘फक्त एक बिजागरी लावायची आहे, पाच मिनिटांचं काम’ हे सगळ्यांत धोक्याचं, कारण पाच मिनिटांच्या कामासाठी कुणी तयारी करत नाही.

ठिणगी किती लांब जाते

वेल्डिंगच्या आर्कचं तापमान ५,००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. ऑक्सिजन-ॲसिटिलीनची ज्योत सुमारे ३,१०० अंशांची असते. लोखंड १,५०० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे तिथून उडणारा प्रत्येक थेंब निघतानाच तेवढा तापलेला असतो. कागद, कापूस, सुकं लाकूड पेटायला साधारण २५० ते ४०० अंश पुरतात. थेंब हवेतून जाताना निवत जातो हे खरं, पण निवून निम्म्यावर आला तरी कापूस पेटवण्याइतकी उष्णता त्यात शिल्लक असते.

ग्राइंडरची ठिणगी आणखी वेगळी. चाकानं खरवडलेला लोखंडाचा बारीक कण हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून स्वतःच जळत असतो. तो उडता उडता तापत राहतो, म्हणून तर इतका चमकतो. गॅस कटिंगमध्ये ऑक्सिजनचा झोत वितळलेलं लोखंड खालच्या बाजूनं जोरानं उडवून टाकतो. त्यातले थेंब मोठे असतात, जड असतात, जमिनीवर पडून घरंगळतात आणि कपाटाखाली, फटीत, नाल्याच्या जाळीत जाऊन बसतात. जितका थेंब मोठा तितका तो उशिरा निवतो, आणि फटीत तर आणखीच उशिरा.

सपाट जागेवर या ठिणग्या ३५ फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ११ मीटरपर्यंत जाऊ शकतात असं धरून जगभर नियम बनवले आहेत. कामाभोवती ११ मीटरचं वर्तुळ आखा आणि त्यात जळणारं काही ठेवू नका, असा तो नियम. महाद्वार रोडवरच्या दुकानांची रुंदी डोळ्यांसमोर आणा. ११ मीटरच्या वर्तुळात तुमचं दुकान, शेजाऱ्याचं दुकान आणि समोरचा रस्ता एवढं सगळं येतं. आणि हे सपाट जमिनीवरचं. काम शिडीवर असेल, गच्चीवर वारा असेल, तर अंतर वाढतं. स्लॅबमध्ये पाइपासाठी पाडलेलं भोक असेल तर वर्तुळ खालच्या मजल्यावरही आखावं लागतं.

उष्णता लोखंडातून चालत जाते

ठिणगी निदान दिसते. लोखंडातून सरकणारी उष्णता दिसत नाही. भिंतीतून आरपार गेलेल्या गर्डरवर अलीकडं वेल्डिंग चालू असेल, तर पलीकडं त्या गर्डरला टेकलेला लाकडी वासा किंवा प्लायवूडचं कपाट भाजत असतं. पाइपावर टाका मारला की त्याच पाइपावर हातभर अंतरावर गुंडाळलेलं फोमचं आवरण वितळायला लागतं. वेल्डरच्या तोंडावर काचेचा मुखवटा असतो, त्याला टाक्यापलीकडचं काहीच दिसत नाही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जो माणूस आग पेटवू शकतो, तोच त्या खोलीत सर्वांत कमी पाहू शकणारा माणूस असतो.

तिसरी वाट विजेची. वेल्डिंगचा प्रवाह रॉडमधून जोडायच्या लोखंडात जातो आणि अर्थिंगच्या क्लॅम्पमधून मशीनकडं परत येतो. क्लॅम्प टाक्याच्या अगदी जवळ लावला तर प्रवाहाचा मार्ग आखूड राहतो. पण केबल कमी पडली म्हणून क्लॅम्प खालच्या मजल्यावरच्या रेलिंगला किंवा पाण्याच्या पाइपाला अडकवला, तर शंभर-दोनशे अँपिअर प्रवाह इमारतीच्या लोखंडातून वाट शोधत फिरतो. त्या वाटेत कुठं गंजलेला सांधा असेल, सैल नटबोल्ट असेल, तर तो तापतो, कधी तिथं ठिणग्याही उडतात. आणि ही जागा कामापासून दोन खोल्या लांब असू शकते. क्लॅम्प ज्या तुकड्यावर टाका मारायचा त्याच तुकड्याला लावायचा, एवढी साधी शिस्त हा धोका संपवते.

धुमसणं

उशीर का होतो हे समजायला होळीची शेणी आठवा. वरून राख दिसते, हात जवळ नेला तर जेमतेम ऊब लागते, पण सकाळी फोडली तर आत लाल निखारा असतो. कापसाची गासडी, लाकडाचा भुसा, गादी, बारदान, जुन्या छतावरचा वर्षांनुवर्षांचा कचरा, पुठ्ठा, हे सगळं असंच धुमसतं. ज्वाळेला भरपूर हवा लागते. धुमसण्याला थोडीशी पुरते. थेंब आत शिरतो, त्याच्याभोवतीचा थर हळूहळू कोळसा होत जातो, उष्णता बाहेर जायला वाट नसते म्हणून साठत राहते. धूर इतका कमी असतो की रंगाच्या आणि वेल्डिंगच्या वासात तो कळतही नाही. मग केव्हातरी तो निखारा मोकळ्या हवेपर्यंत पोहोचतो, किंवा कुणीतरी दार उघडतं, आणि ज्वाळा उठते. मधे अर्धा तास जाऊ शकतो, तसे काही तासही जाऊ शकतात.

अमेरिकेत गरम कामासाठी जे मानक वापरतात, एनएफपीए ५१बी, त्यात काम संपल्यावर अर्धा तास पहारा ठेवायला सांगितलं होतं. २०१९ च्या आवृत्तीत तो अर्धा तास वाढवून पूर्ण तास केला. शीर्षकातला तास तो हा.

जागेचं अंतर काय करतं याचं ड्युसेलडॉर्फसारखं उदाहरण नाही. जर्मनीतल्या या शहराच्या विमानतळावर ११ एप्रिल १९९६ रोजी टर्मिनलच्या वरून जाणाऱ्या रस्त्याच्या सांध्यावर वेल्डिंग चालू होतं. काम उघड्यावर, रस्त्यावर. पण वितळलेलं लोखंड सांध्यातून खाली झिरपलं आणि खालच्या इमारतीच्या छताच्या पोकळीत असलेल्या पॉलिस्टायरिनवर, म्हणजे आपण ज्याला थर्माकोल म्हणतो त्याच पदार्थाच्या आवरणावर पडलं. खाली फुलांचं दुकान होतं, प्रवासी ये-जा करत होते. छताच्या आत आग पसरत राहिली आणि बाहेर आली तेव्हा धुरानं टर्मिनल भरलं. १७ माणसं गेली, त्यातली बहुतेक धुरानं. वर टाके मारणाऱ्यांना आपल्या पायांखाली इमारतीचं छत आहे आणि त्या छतात काय भरलं आहे, हे कुणी सांगितलं असतं, तर?

शांघायमध्ये १५ नोव्हेंबर २०१० ला २८ मजली रहिवासी इमारतीला बाहेरून उष्णतारोधक थर बसवण्याचं काम चालू होतं. परवाना नसलेल्या वेल्डरांच्या कामातून उडालेल्या ठिणग्यांनी आग लागली, ती इमारतीभोवतीच्या परांचीवरून आणि नायलॉनच्या जाळीवरून चढत गेली. ५८ जणांचा मृत्यू झाला. परांचीला हिरवी जाळी बांधलेली असताना आतून ग्राइंडर चालू आहे, हे दृश्य आपल्या शहरातही रोज दिसतं.

आपल्या इमारतींत काय जळतं

शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत अजून जुने वाडे आहेत. तुळया सागवानी, वर तक्तपोशी, त्यावर माती, काही ठिकाणी कौलं. तक्तपोशीच्या फळ्यांमधल्या फटी, वाळवीनं पोखरलेल्या खांबांच्या पोकळ्या, कौलांखाली साठलेलं चिमण्यांच्या घरट्यांचं गवत, ही सगळी धुमसण्यासाठी जणू तयार ठेवलेली जागा. अशा वाड्याला लोखंडी आधार द्यायचा, जिना बसवायचा, गॅलरीला ग्रिल करायची, ही कामं सतत निघतात. माझं मत स्पष्ट आहे: अशा छताखाली शिडीवर चढून वेल्डिंग करूच नये. आधार वर्कशॉपमध्ये तयार करून आणावेत आणि जागेवर नटबोल्टनं जोडावेत. दोन दिवस जास्त लागतील, माप दोनदा घ्यावं लागेल.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना या शहरानं पाहिलं. त्या आगीचं नातं मी वेल्डिंगशी जोडत नाही. पण राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली, १९१५ पासून उभी असलेली ती वास्तू आणि शेजारचा खासबागेकडचा रंगमंच काही तासांत कसा गेला, हे आठवलं की जुन्या लाकडात आग वर चढल्यावर हातात किती कमी वेळ उरतो ते वेगळं सांगावं लागत नाही. आणि अशा वास्तूंची पुनर्बांधणी, डागडुजी हाच गरम कामाचा सर्वांत मोठा हंगाम असतो. इमारत अर्धी उघडी असते, आग विझवण्याची यंत्रणा बंद असते, सगळीकडं लाकूड, रंग आणि पॅकिंगचे पुठ्ठे पडलेले असतात.

चपलांच्या दुकानांत आणि कारागिरांच्या खोल्यांत चामडं चिकटवण्याच्या सोल्युशनचे डबे असतात. त्यातून उडणारी वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, पायरीवरून खाली उतरते, शेजारच्या गाळ्यात शिरते. शेजारी शटर दुरुस्त करायला आलेला वेल्डर टाका मारतो आणि आग आपल्या गाळ्यात लागते. थिनर, रंग, पॉलिश यांचंही तेच. अशी वाफ सोडणाऱ्या वस्तू असलेल्या खोलीत नुसतं झाकण लावून भागत नाही. त्या बाहेर न्यायच्या आणि खोली वारं खेळू देऊन मोकळी करायची.

मार्केट यार्डातल्या गुळाच्या गोदामांत बारदान आणि पुठ्ठे, इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये तुळयांवर, तारांवर, दिव्यांवर बसलेले कापसाचे तंतू. हे तंतू फार वाईट. एका ठिणगीनं त्यांच्यावरून आग अशी धावते की माग बंद करायच्या आत ती शेडच्या दुसऱ्या टोकाला असते. १९४२ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या बंदरात नॉर्मंडी नावाचं अवाढव्य जहाज जळलं ते असंच. कटिंग टॉर्चच्या ठिणग्या सावरीच्या कापसानं भरलेल्या लाइफ जॅकेटांच्या ढिगाऱ्यावर पडल्या होत्या.

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपला की दुरुस्तीचा हंगाम सुरू होतो. रोलर, टाक्या, पाइप, कन्व्हेयर, सगळीकडं वेल्डिंग. कन्व्हेयरच्या सांदीकोपऱ्यात सुकलेला बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, अडकलेला असतो. आसवनी प्रकल्पात अल्कोहोलच्या टाक्या असतात. या ठिकाणी निदान सुरक्षा अधिकारी असतो, गरम कामाचं लेखी परमिट असतं. गुऱ्हाळाच्या शेडवर पत्रा बसवताना खाली सुकलेल्या चिपाडाचा ढीग तसाच असतो, आणि तिथं विचारणारं कुणी नसतं.

दूध, आइस्क्रीम, भाजीपाला ठेवणाऱ्या शीतगृहांच्या भिंती बाहेरून पांढऱ्या पत्र्याच्या दिसतात. आत पॉलियुरेथेनचा फोम असतो, ज्याला पफ पॅनेल म्हणतात. पत्रा बघून वेल्डर निर्धास्त होतो. फोम पेटला की आग दोन पत्र्यांच्या मधून धावते, तिथं पाणी पोहोचत नाही, आणि धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइड असतो. पफ पॅनेलवर वेल्डिंग, कटिंग, ग्राइंडर काहीही नको. छिद्र पाडायचं तर ड्रिलनं, जोडायचं तर रिव्हेटनं.

हॉटेलांच्या स्वयंपाकघरातली धुराडी विसरू नका. वर्षभर रस्सा आणि फोडणीचा धूर ओढून डक्टच्या आत चरबीचा जाड थर बसलेला असतो. डक्ट सैल झाला म्हणून बाहेरून एक टाका मारला, की आत चरबी पेटते आणि पंखा चालू असेल तर ती आग वरच्या मजल्यापर्यंत खेचली जाते. आधी आतून खरवडून धुवायचं, मगच हात लावायचा.

आणि गणेशोत्सव. तालीम मंडळांचे देखावे उभे राहतात ते अरुंद गल्ल्यांत, दोन्ही बाजूंना घरं. लोखंडी सांगाडा, प्लायवूड, थर्माकोल, कापड, कृत्रिम फुलं. कार्यकर्ते रात्र-रात्र जागतात, हौसेनं काम करतात, त्या मेहनतीबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांना एकच कळकळीची विनंती: क्रम बदलू नका. सांगाड्याचं सगळं वेल्डिंग आधी पुरं करा, जागा झाडून घ्या, मग कापड आणि थर्माकोल चढवा. कापड चढल्यावर सांगाड्यात काही हललं, तर टाका मारू नका, यू-बोल्ट किंवा तारेनं आवळा. आदल्या रात्री घाईत मारलेला तो एक टाका नको.

मालकाला माहीत असतं ते वेल्डरला सांगायचं

वेल्डरला लोखंड कळतं. छतात काय भरलं आहे, भिंतीपलीकडं कुणाचं गोदाम आहे, स्लॅबला कुठं भोक आहे, हे मालकाला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, व्यवस्थापकाला माहीत असतं किंवा त्यानं माहीत करून घ्यायला हवं. दोघांची माहिती एकत्र आली की आग टळते. परमिट म्हणजे हे बोलणं कागदावर घेणं, बाकी काही नाही. काम कुठलं, कुठं, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, ११ मीटरमध्ये काय आहे, वर-खाली-पलीकडं काय आहे, विझवायला काय ठेवलं, नजर कोण ठेवणार, आणि दोघांच्या सह्या. वहीच्या पानावर लिहिलं तरी चालतं. पण सही जागेवर उभं राहून करायची, टेबलावर बसून नव्हे. परमिट त्या दिवसापुरतं. जेवणानंतर काम दुसऱ्या खोलीत सरकलं तर नवीन.

भारतीय मानक ब्यूरोचं आयएस ३०१६ हे मानक याच विषयावर आहे, वेल्डिंग आणि कटिंगच्या वेळी आगीपासून घ्यायच्या काळजीवर. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा ताबा असणाऱ्याची आहे. दुरुस्तीसाठी ती महिनोन्‌महिने बंद ठेवणं या जबाबदारीत बसत नाही.

परमिटवर पहिला प्रश्न असा लिहावा: हे काम इथं, याच पद्धतीनं करायलाच हवं का? नट-बोल्ट, अँकर फास्टनर, रिव्हेट, हॅकसॉ, पाइप कापायचा हातकटर, हे सगळे पर्याय कोल्हापुरात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. तुकडा सुटा होत असेल तर वर्कशॉपला न्या.

करायचंच ठरलं तर आधी झाडू. खरंच झाडू. धूळ, भुसा, कागद, तंतू, सगळं लोटून बाहेर. लाकडी जमीन असेल तर ओली करा, पण त्या ओलीत उभं राहून वेल्डिंग करू नका. हलवता येईल ते हलवा, नाही हलत त्यावर अग्निरोधक ब्लँकेट टाका. ताडपत्री नको, ती स्वतःच जळते. ओलं गोणपाट टाकायची पद्धत आपल्याकडं सर्रास आहे. ते ठिणग्यांच्या माऱ्यात तासाभरात सुकतं आणि मग तेच पेटतं. जमिनीतल्या, भिंतीतल्या फटी आणि भोकं बंद करा. फॉल्स सीलिंगच्या दोन-तीन टाइल काढून आत टॉर्च मारून बघा. स्मोक डिटेक्टरवर टोपी घातली असेल तर ती लिहून ठेवा, नाहीतर ती वर्षभर तशीच राहते. स्प्रिंकलर मात्र बंद करू नका. तो ठिणग्यांनी उडत नाही, उष्णतेनं उडतो.

गॅस असेल तर

ऑक्सिजनचं सिलिंडर काळं, ॲसिटिलीनचं मरून. हल्ली कटिंगसाठी ॲसिटिलीनऐवजी एलपीजी जास्त दिसतो. ॲसिटिलीन हवेत अडीच टक्के मिसळला तरी पेटतो आणि ऐंशी टक्क्यांपर्यंत पेटतच राहतो, म्हणजे गळती कुठल्याही प्रमाणात धोक्याचीच. एलपीजी जड असल्यानं तळघरात, खड्ड्यात, लिफ्टच्या चरात साठतो. सिलिंडर उभं, साखळीनं बांधलेलं हवं. आडवं पाडलेल्या ॲसिटिलीनच्या सिलिंडरमधून आतला ॲसिटोन बाहेर येतो. दोन्ही नळ्यांना फ्लॅशबॅक अरेस्टर हवा. टॉर्चमधली ज्योत उलटी नळीत शिरली तर तोच तिला अडवतो. नळीला तडा गेला म्हणून चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली, तर काम तिथंच थांबवा. जेवायला जाताना व्हॉल्व्ह सिलिंडरवर बंद करायचा, नुसता टॉर्चवर नाही.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, म्हणून लोक त्याला हलक्यात घेतात. कपड्यावरची धूळ उडवायला ऑक्सिजनचा झोत मारतात. हवेत तो २१ टक्के असतो. चार-पाच टक्क्यांनी वाढला तरी कपडा अतिशय वेगानं जळतो, आणि धाग्यांत अडकलेला ऑक्सिजन काही वेळ तसाच राहतो. नंतरची पहिली ठिणगी त्या माणसाच्या अंगावर पेटते. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीसचा हात लावायचा नाही, ते याच कारणानं.

रिकाम्या ड्रमबद्दल दोन वाक्यं जास्त लिहितो, कारण यात जीव जातात. डिझेलचा, थिनरचा, तेलाचा रिकामा ड्रम भरलेल्यापेक्षा वाईट. भरलेल्यात द्रव असतो, रिकाम्यात वाफ आणि हवा मिसळलेली असते आणि तेच मिश्रण स्फोट होऊन उडतं. पाणी साठवायला ड्रमचं तोंड कापून द्या म्हणून आलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणा. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३७व्या कलमातच सांगितलं होतं की ज्या टाकीत ज्वालाग्राही पदार्थ होता, ती आतला पदार्थ आणि वाफ काढून निर्धोक केल्याशिवाय तिच्यावर वेल्डिंग किंवा कटिंग करायचं नाही. नुसतं पाण्यानं विसळून ती निर्धोक होत नाही.

नजर ठेवणारा माणूस

आता या सगळ्यातली मुख्य गोष्ट. कामावर एक माणूस असा हवा ज्याला दुसरं काहीही काम नाही. त्यानं रॉड द्यायचे नाहीत, शिडी धरायची नाही, चहा आणायला जायचं नाही. वेल्डरच्या मुखवट्याआडून जे दिसत नाही ते त्यानं बघायचं. भिंतीपलीकडं किंवा खाली धोका असेल तर तिकडं दुसरा माणूस. त्याला काम थांबवायचा अधिकार हवा, आणि तो थांबवेल तेव्हा ‘काय होतंय’ म्हणून कुणी त्याला गप्प करायचं नाही. हे काम हेल्पर पोराला दिलं तरी चालतं, पण त्याला अग्निशामकाची पिन कशी ओढायची ते आधी करून दाखवा.

त्याच्या हाताशी दोन गोष्टी हव्यात: एबीसी पावडरचं अग्निशामक आणि पाणी. सहा किलोचं पावडरचं सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत संपतं. ज्वाळा ते पटकन मारतं, पण कापसाच्या, भुशाच्या, गादीच्या आत धुमसणाऱ्या निखाऱ्यापर्यंत पावडर पोहोचत नाही. तिथं पाणीच लागतं, आणि माल उचकटून आतपर्यंत ओतावं लागतं. पाणी मारण्याआधी वेल्डिंग मशीनची वीज तोडायची. पहिल्या सिलिंडरनं आटोक्यात आली नाही तर दुसरं शोधत बसू नका. माणसं बाहेर काढा, जाता जाता दार ओढून घ्या, १०१ किंवा ११२ ला फोन करा.

काम संपल्यावर तो माणूस तासभर तिथंच थांबतो. रॉडची थोटकं वाळूच्या डब्यात टाकलीत का, भिंतीची पलीकडची बाजू हाताला गरम लागते का, छताची टाइल उचलल्यावर वास येतो का, खालच्या मजल्यावर काही आहे का, हे फिरून फिरून बघतो. त्यानंतर आणखी दोन-तीन तासांत कुणीतरी एकदा चक्कर मारायची. रात्रीचा वॉचमन असेल तर आज नेमकं कुठं काम झालं ते त्याला जागेवर नेऊन दाखवायचं.

हा तास कोण देतो, हा प्रश्न शेवटी पैशांचा आहे. फॅब्रिकेशनवाला ठोक भावात काम घेतो, त्याचा माणूस संध्याकाळी दुसऱ्या साइटवर जाणार असतो. फुकट थांबा म्हटलं तर तो थांबणार नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. म्हणून काम ठरवतानाच हा तास वेगळा धरा. दरपत्रकात त्याची स्वतंत्र ओळ करा आणि तिच्यावर घासाघीस करू नका. किंवा तो तास तुमच्या माणसानं थांबायचं ठरवा, नाव लिहून. वेळही उलटी मोजा: दुकान आठला बंद होत असेल तर गरम काम सातला थांबलं पाहिजे. सातनंतर रंग लावा, माप घ्या, उद्याचा माल लावा, पण मशीन सुरू करायचं नाही, मग एकच टाका उरला असला तरी.